डेअरीच्या वळणावरचा आवाज

आमच्या उचगावच्या गल्लीत दूध डेअरीपाशी काँक्रीटचा रस्ता काटकोनात वळतो. त्या वळणावर माझ्या गाडीची चाकं पहिल्यांदा ओरडली ती मार्चमध्ये, सकाळी साडेसहाच्या सुमारास. डेअरीसमोर किटल्या घेऊन सात-आठ माणसं उभी होती. मी स्टेअरिंग उजवीकडे पूर्ण वळवलं आणि खालून आवाज आला. धुतलेल्या फरशीवर रबरी चप्पल घासत न्यावी तसा, पण लांब, आणि त्यातच दोन गचके. मागून कुणी हौदा धरून ठेवावा तशी गाडी अडखळली आणि मग सुटली.

"काका, कुत्र्याच्या शेपटीवर घातली काय?" डेअरीवाला मापावरून डोकं वर काढत म्हणाला.

मी उतरून चारही चाकं बघितली. हवा ठीक होती, कुठे दगड अडकला नव्हता, हात लावून बघितलं तर काही तापलंही नव्हतं. पुढे रस्ता सरळ होता आणि सरळ रस्त्यावर आवाज नव्हता.

घरी येऊन वही काढली. मी एका फौंड्रीत तपासणी खात्यात आहे. एकोणतीस वर्षं व्हर्निअर घेऊन ओतीव भाग मापतोय, आणि जे लिहिलं नाही ते घडलंच नाही असं धरायची सवय लागली आहे. वहीत सात रकाने आखले : तारीख, वेळ, रस्ता कोरडा की ओला, वळण डावं की उजवं, वेग, चाकांतली हवा, हौद्यातलं वजन. आठवा रकाना आवाजाचा. आला किंवा नाही.

वही भरायला वेळ भरपूर होता. बायकोला पुण्याला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. लेकीचं बाळंतपण झालं, तीन महिन्यांसाठी म्हणून ती गेली. मग लेकीची रजा संपली, सांभाळायला ठेवलेली बाई टिकली नाही, दुसरी आली तीही गेली. तीन महिन्यांचे सहा झाले आणि नंतर आम्ही दोघांनीही महिने बोलून दाखवायचं सोडलं. मी मात्र मनात मोजत होतो. वर्षभरात ती दोनदा कोल्हापूरला आली. एकदा लग्नाला, एकदा दात काढून घ्यायला. दोन्ही वेळा एका रात्रीसाठी. दाताच्या वेळी तर तिला बोलताही येत नव्हतं.

गाडीबद्दल सांगायला हवं. चंदगड तालुक्यात आमचा काजूचा तुकडा आहे, एकशे बेचाळीस झाडं. शेवटचा दोन किलोमीटरचा रस्ता लाल मातीचा आणि चढाचा आहे, सहा महिने त्यावर चिखल असतो. म्हणून चारही चाकांना जोर देणारी ही पिकअप तिकडच्याच एका माणसाकडून जुनी घेतली. एरवी ती मागच्या दोन चाकांवर चालते. गिअरजवळ एक गोल खटका आहे, तो फिरवला की पुढची दोन चाकंही ओढायला लागतात. गाडी बायकोच्या नावावर आहे. "जमीन तुमच्या नावावर, मग गाडी माझ्या," असं तिनं तेव्हाच बजावलं होतं.

लेकीचं म्हणणं सरळ होतं, "बाबा, तिथं एकटे राहून काय करताय? स्वेच्छानिवृत्ती घ्या आणि इकडे या." माझं उत्तर एकच असायचं : झाडं कोण बघणार? दर सोमवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, मी शंभरावर किलोमीटर जाऊन झाडं बघून येत होतो. लेकीच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मी सोफ्याच्या कुठल्या कोपऱ्यात बसायचं हेही मला ठरवता येत नाही. गाडी चालत होती तोवर माझं उचगावात राहणं चालत होतं. म्हणून त्या आवाजाची मला भीती वाटली.

उद्यमनगरातला फिटर माझ्या ओळखीचा आहे. हात काळे, जीभ तिखट, कामाला चोख. मार्चमध्ये आवाज आल्यावर दोन दिवसांनी कामावरून सुटल्यावर गाडी त्याच्याकडे नेली. वाटेत दोन वळणांवर चाकं ओरडली. त्यानं गाडी शेडमध्ये घेतली, जॅकवर चढवली, चारही चाकं हातानं फिरवली, हलवून बघितली, बेअरिंग बघितलं, स्टेअरिंगचे सांधे बघितले. मग मला शेजारी बसवून गल्लीगल्लीतनं हिंडवलं. जिथं वळण तिथं स्टेअरिंग पार टोकाला. आवाज नाही.

"काका, काय ऐकू येतंय व्हय तुम्हाला?"

"आत्ता न्हाई येत. येताना येत हुता."

"येताना येतो, आल्यावर जातो. जावायागत हाय की मग."

एप्रिलमध्ये तेच झालं. मे महिन्यात पुन्हा तेच. त्यानं चाकांचं अलाइनमेंट करून घ्यायला लावलं, हवा दोन पौंडांनी वाढवली, पुढच्या सांध्यांत ग्रीस भरलं. गाडी त्याच्या दारात पोचेपर्यंत ओरडायची आणि त्याच्या हातात गेली की गप्प. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "कानाच्या डॉक्टरला दाखवून या एकदा. राग मानू नका." मी राग मानला नाही. खरोखरच जाऊन कान तपासून घेतले. पन्नाशीच्या पुढच्या माणसाचे असावेत तसेच निघाले.

रिकाम्या घरात ऐकलेला आवाज कुणाला विचारून पडताळता येत नाही. रात्री पंखा कुरकुरला तर तो खरंच कुरकुरला का, हे सांगायला दुसरं माणूस लागतं. डेअरीवाल्यानं पहिल्या दिवशी ऐकलं होतं, एवढाच माझ्याकडे साक्षीदार होता.

जूनमध्ये मी वही घेऊन बसलो. पंचेचाळीस नोंदी, त्यांतल्या नऊ वेळा आवाज. वेगाशी मेळ नाही, वजनाशी नाही, हवेशी नाही, डाव्या-उजव्याशी नाही. मग तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं टिपल्या. आवाजाची पहिली खूण प्रत्येक महिन्यात एकाच जागी येत होती, काळ्या गोळ्यावर. अमावास्या. तिथून पुढे काही दिवस आवाज, आणि फिटरकडून किंवा सोमवारी चंदगडहून परत येताना तो गेलेला.

मी वही मिटून ठेवली. हे मी कुणाला सांगणार होतो? डेअरीवाल्याला नुसतं एवढंच म्हटलं, की आवाज महिन्यातनं एकदाच येतो.

"कवा?"

"अवसेच्या आसपास."

तो मोठ्यानं हसला नाही, तेच मला जास्त लागलं. गंभीर होऊन म्हणाला, "नारळ नीट फुटत नसंल तुमचा. वैनी हुत्या तवा त्या फोडत हुत्या." आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं दूध मापायला लागला.

आमच्याकडे अवसेला गाडी धुवायची, नारळ फोडायचा, लिंबू बांधायचं, हे बायको करायची. ती गेल्यापासून मी करतो. मानतो म्हणून नव्हे, ठरलेलं काम चुकवायचं नाही म्हणून.

पुढे पाऊस लागला. जून संपताना, जुलैत, ऑगस्टमध्ये वहीत सगळीकडे 'नाही' लिहिलं. मला वाटलं, गेला आवाज.

सर्वपित्री अमावास्येला रस्ता कोरडा खडखडीत होता. त्या दिवशी रविवार होता. मी गाडी धुतली, नारळ फोडला, अवसेचा नेहमीचा दोन किलोमीटरचा फेरा मारायला निघालो आणि डेअरीच्या वळणावर लेकीचा फोन आला. फोन समोर स्टँडवर होता, स्पीकर चालू होता. चाकं मार्चपेक्षाही मोठ्यानं ओरडली.

"बाबा! काय ओरडलं ते?"

खोटं बोलता आलं नाही. मार्चपासूनचं सांगितलं. तेवढ्यात बायकोनं फोन घेतला.

"अहो, गाडी ओरडतीया आणि तुम्ही ती घाटातनं नेतायसा व्हय?"

"सरळ रस्त्याला ओरडत न्हाई ती. नुसती वळणाला."

"घाटात सरळ रस्ता कुठं हाय?"

संध्याकाळपर्यंत पुण्यात ठरलं. गाडी विकायची. जावयाच्या माहितीत घेणारा माणूस होता. उद्या सोमवारी मी चंदगडला जायचं नाही. गाडी तिच्या नावावर, सही तिची लागणार, म्हणून ती अष्टमीला येणार आणि दसरा करून परत जाणार. लेकीनं ते चार दिवस घरून काम करायची परवानगी काढली होती.

चार दिवस. एकोणीस महिन्यांत सलग चार दिवस ती घरी आली नव्हती. गाडी जाणार ह्याचं वाईट वाटायला हवं होतं, ते वाटलंही, पण दुसऱ्या नंबरावर. मी स्वयंपाकघरातले डबे धुतले, आणि तिच्या बाजूच्या कपाटात मी ठेवलेले माझे कपडे काढून जागा मोकळी केली.

सोमवारी गाडी दारातच राहिली. मंगळवारी मी फिटरकडे गेलो ते खरं तर दुरुस्तीला नव्हे. घेणाऱ्याला काय दोष आहे ते नीट सांगता यावं म्हणून. वाटेत चाकं ओरडतच होती. एरवी मी गाडी दिली की आत बाकावर बसून चहा घेतो. त्या दिवशी बाकावर सामान होतं म्हणून शेडच्या दारातच उभा राहिलो. फिटरनं गाडी रस्त्यावर सरळ केली आणि नेहमीसारखी मागं घेत शेडमध्ये आणली. चार-पाच मीटर मागं आली असेल आणि पोटाखालून 'ठक्' असा एक आवाज झाला. कडी सुटावी तसा.

"थांब," मी म्हणालो. "काय वाजलं?"

"काय न्हाई. जुनी गाडी हाय."

"आता फेरा मारून आण. वळवून."

तो गेला आणि आला. आवाज नव्हता. तेव्हा मला समजलं, की प्रत्येक वेळी त्यानं गाडी तपासायच्या आधी ती मागं घेतली होती.

फिटर गाडीखाली शिरला. थोड्या वेळानं खालूनच त्यानं विचारलं, "काका, फोर बाय फोरचा खटका कवा टाकता तुम्ही?"

"चिखलात, आणि एरवी महिन्यातनं एकदा. तेल फिरायला पाहिजे म्हणून."

"कुठं?"

"घरापास्नं. दोन किलोमीटर."

तो बाहेर आला आणि माझ्याकडे बघत राहिला. "डांबरावर? कोरड्या?"

जुन्या मालकानं गाडी देताना मला तोंडी सांगितलं होतं : महिन्यातनं एकदा तरी खटका टाकून दोन किलोमीटर चालवा, नाहीतर आतलं जाम होतं. गाडीचं पुस्तक त्याच्याकडे नव्हतं. खटका चिखलात टाका, असं तो म्हणाला नाही. चंदगडचा माणूस, त्याच्या दारापासून चिखलच. वेगळं कशाला सांगेल? आणि दिवस चुकू नये म्हणून मी तो अवसेला जोडून घेतला होता. नारळ, लिंबू, खटका. वहीत गाडीचे सात रकाने होते. मी काय करतो ह्याचा एकही नव्हता.

फिटरनं खडूनं जमिनीवर काढून दाखवलं. वळताना पुढची चाकं मोठ्या वाटेनं जातात, मागची लहान वाटेनं. एरवी दोघं आपापल्या वेगानं फिरतात. खटका टाकला की दोन्ही जोड्या आतून एकत्र बांधल्या जातात. चिखलात चाक थोडं घसरतं आणि हिशेब भागतो. ओल्या रस्त्यावरही बराच भागतो. कोरड्या काँक्रीटवर घसरायला जागा नाही, म्हणून रबर ओरडतं, गाडी गचके खाते आणि आत पीळ बसतो. मग खटका परत फिरवला तरी आतले दाते त्या पिळात अडकून राहतात. खटक्याचा समोरचा दिवा विझतो, पण जोड सुटलेला नसतो. गाडी मागं घेतली की पीळ उलगडतो. ठक्.

घरी येऊन मी टायर मापले. फेब्रुवारीत नवी जोडी घेतली होती ती रीतीप्रमाणे पुढे घातली होती. पुढच्यांची खाच सात पॉइंट आठ मिलिमीटर, मागच्यांची चार पॉइंट एक. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात तेवीस मिलिमीटरचा फरक. दोन किलोमीटरच्या सरळ रस्त्यावरसुद्धा पुढची आणि मागची चाकं वीस मीटरनं वेगळी पडत होती. आणि आतून बांधलेली होती. मार्चपासूनच आवाज का, ह्याचं उत्तर तिथं मिळालं.

मग तीन वेळा करून बघितलं. खटका टाकला, डेअरीच्या वळणावर आवाज आला. खटका काढला, आवाज तसाच. पाच मीटर मागं घेतली, ठक्, आवाज बंद. तीनपैकी तीन वेळा. डेअरीवाला म्हणाला, "काका, गाडीला व्यायाम देताय काय?"

एक गोष्ट मात्र वहीत लिहायला मला वेळ लागला. पूर्वी हा आवाज टिकला नसता. पूर्वी अंगणात बायकोची स्कूटर असायची, तिच्या शेजारी गाडी रोज मागं घेऊनच लावावी लागायची. ती पाण्याच्या टाकीपाशी उभी राहून हात हलवायची, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बास! बास म्हटलं की!" ती गेल्यावर पहिल्याच महिन्यात मी एकट्यानं मागं घेताना टाकीच्या कोपऱ्याला ठोकर दिली. हौद्याला पोचा आला. त्यानंतर गाडी शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये लावायला लागलो. पुढून आत जायचं, गोल फिरायचं, पुढूनच बाहेर यायचं. चंदगडला झाडाखाली सावलीत लावताना तेवढी मागं घेत होतो. सगळ्या महिन्यात तेवढीच. म्हणून फिटरकडे नेली नाही तर सोमवारी आवाज जायचा.

हे मंगळवारी कळलं. रविवारपर्यंत मी पुण्यात कुणाला सांगितलं नाही.

सांगितलं तर गाडीत दोष नाही. दोष नाही तर विकायची नाही. विकायची नाही तर सही नको. ती अष्टमीला, म्हणजे सोमवारी सकाळी निघणार होती. मी स्वतःला समजावलं, की आल्यावर तिला समोरच दाखवू, फोनवर कुठं कळणार आहे. ती आली की मग विकणं राहून जाईल, चार दिवस तर होतील. ह्यात खोटं काहीच नव्हतं. पण फौंड्रीत मी अशी माणसं बघितली आहेत. माल ट्रकमध्ये चढेपर्यंत रिपोर्ट खिशात ठेवणारी. त्यांच्याशी मी कसा वागतो ते मला माहीत आहे. शिवाय लेक तिच्या ऑफिसात मिनतवारी करून घरी बसणार होती, जावई समोरच्या माणसाला शब्द देऊन बसला होता. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर फोन लावला.

बायकोनंच उचलला. मी क्रमानं सगळं सांगितलं. खटका, खाच, तेवीस मिलिमीटर, ठक्. मागे बाळ रडत होतं, ती त्याला मांडीवर हलवत ऐकत होती, ते तिच्या आवाजावरून कळत होतं.

"म्हंजे गाडी चांगली हाय," ती म्हणाली.

"चांगली हाय. टायर पुढचे-मागचे सारखे करून घ्यायचे. खटका चिखलातच टाकायचा. आणि मधनंमधनं मागं घ्यायची."

"आत्ता का घेत न्हाईसा मागं?"

"गरज पडत न्हाई. बाजूचा प्लॉट मोकळा हाय."

"टाकीला धडकवली ती म्हाईत हाय मला. शेजारीण बोलली तवाच."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कॅमेरा बसवून घ्या की मागं. सगळे बसवत्यात. पुढं बसून टीव्हीगत दिसतंय सगळं."

"बसवतो."

"मग आत्ता मी कशाला येऊ? हिचं पण काम हाय. दिवाळीला येतो की सगळीच. निवांत."

नुसतीच ये, असं मला म्हणता आलं असतं. गाडी, सही, टायर सगळं बाजूला ठेवून ते दोन शब्द पुरले असते. सत्तावीस वर्षांच्या संसारात मी तिला कामाशिवाय कधी बोलावलेलं नाही, तिनंही मला नाही. आमच्यात तशी पद्धत पडली नाही.

"बरं," मी म्हणालो. "दिवाळीला या."

"जेवलासा?"

"जेवलो."

तेवढ्यात बाळानं फोनच ओढला असावा. थोडा वेळ नुसता त्याच्या श्वासाचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. सकाळीच मी तिची गादी, दोन उशा आणि जाड रजई गच्चीवर उन्हात घातली होती. वर गेलो. उन्हं अजून कडक होती, पण राधानगरीच्या बाजूला ढग जमले होते आणि संध्याकाळी एखादी सर आलीच असती. गादी एकट्यानं जिन्यातून खाली आणणं अवघड असतं. ती मध्येच वाकते आणि पायात येते. मी ती अर्धी दुमडून दोरीनं बांधली, आधी ती खाली आणली, मग उशा, मग रजई. गादी तिच्या बाजूला पसरली. उन्हाची ऊब त्यात अजून होती. वर चादर घातली, चारही कोपरे खोचले, आणि सोमवारच्या चंदगडच्या फेरीसाठी पाण्याचा कॅन भरायला बाहेर आलो.